अम्मी, मेरा आयकार्ड किधर है?

सकाळी पावणेसातला आमच्या घरात रोज हीच हाक यायची. कधी आयकार्ड, कधी मोजे, कधी भूगोलाची वही. टिफिन भरता भरता मी सोफ्याखाली हात घालून वस्तू काढून द्यायचे. मग माझ्या शाळेत जाऊन दहावीला मराठी शिकवायचे आणि वही विसरलेल्या मुलाला उभं करून विचारायचे, "घरी कोणी लक्ष देत नाही का?"

माझा मुलगा दहावीत होता तेव्हाची गोष्ट. जानेवारीत एका रात्री साडेदहाला त्याने सांगितलं की उद्या विज्ञानाचं जर्नल जमा करायचंय. निम्मी पानं कोरी. प्रात्यक्षिकाचे 20 गुण शाळेच्या हातात असतात, हे शिक्षिकेला कोणी सांगायला नको. मी पेन्सिल घेतली आणि आकृत्या काढायला बसले. बाराच्या सुमाराला मोठी मुलगी पाणी प्यायला उठली. दारातून बघत म्हणाली, "अम्मी, माझ्या दहावीला तू अशी कधी बसली होतीस?" आणि झोपायला निघून गेली.

पेन्सिल तिथेच खाली ठेवली, असं लिहायला आवडलं असतं. पण नाही ठेवली. सगळ्या आकृत्या पुऱ्या केल्या. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. मुलीसाठी बसायची कधी गरजच पडली नाही, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत आले होते. खरं तर तिला गबाळं राहायची परवानगीच नव्हती. सातवीत ती स्वतःचा युनिफॉर्म धुवायची आणि भावाच्या शर्टाला इस्त्रीही करायची. तो पसारा करायचा तेव्हा दादी हसून म्हणायची, "मुलगाच तो, लग्न झालं की सुधरेल." म्हणजे आम्ही न शिकवलेली गोष्ट दुसऱ्या घरातून येणारी मुलगी निस्तरेल. या वाक्याची मला आता भीती वाटते. पालकसभेत ते मी कितीदा ऐकलंय, आणि मानही डोलावलीय.

बी.एड.ला आम्ही किशोरावस्था पाठ केली होती. नियोजन करणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडली तरी घडत असतो, हे आज बहुतेकांना ठाऊक आहे. तेव्हा पंधराव्या वर्षी विसरणं हा बदतमीजपणा नाही. काही मुलांना एडीएचडीसारखी अडचण असते, तिथे ओरडण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावं. पण माझा मुलगा रविवारच्या मॅचला बॅट कधी विसरला नाही. रमजानमध्ये सेहरीसाठी स्वतः अलार्म लावून उठायचा. बॅटवरून मी त्याला खूप टोमणे मारले. त्यातली खरी गोष्ट उशिरा लक्षात आली: बॅट शोधून द्यायला मागे कोणी नव्हतं.

त्याच्या अब्बांचं म्हणणं, एकदा आपटू दे, शिकेल. मला ते पटत नाही. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना आधी पाठीला डबा बांधतात आणि दोर काठावरच्या माणसाच्या हातात असतो. अकरावीत आम्ही तसंच केलं. रविवारी असरनंतर तो बॅग जमिनीवर रिकामी करायचा आणि मी समोर बसायचे, हात मांडीवर ठेवून. हे हात मांडीवर ठेवणं सर्वांत अवघड. चुरगळलेले कागद, फुटकी पट्टी, जुना डबा. एकदा दोन आठवड्यांपूर्वीची पालकसभेची चिठ्ठी निघाली. पहिले दोन महिने नियम एकच होता: उद्याचं सामान रात्रीच दाराजवळ. मग मोबाइलमध्ये तारखा, त्यानेच टाकलेल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख त्याने चुकवली. ती तारीख मला माहीत होती. एकदा आठवण करून दिली, दुसऱ्यांदा गप्प राहिले. त्या पैशांत त्याची वर्षाची पुस्तकं आली असती. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. पगार जेमतेम असलेल्या घरात हा धडा महाग पडतो, आणि मी बोलायला हवं होतं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा तो बारावीत आहे. बोर्डाचा फॉर्म भरायला शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी गेला. आधारची झेरॉक्स घरीच विसरला होता. परत आला, घेऊन गेला. मला कळलं ते संध्याकाळी, तेही त्याने सहज सांगितलं म्हणून. ओला टॉवेल मात्र अजून पलंगावरच पडलेला असतो. आपा घरी आली की ती त्याला हाक मारते, आणि तो उठून उचलतो.