पंखाचा एक अंश

ओझर म्हटले की विमान आलेच. १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे उभा राहिला. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० इथेच तयार झाली. अशा गावातल्या कामगाराच्या पोराने रेडिओवर चालणारे छोटे विमान मागितले तर नवल ते काय? पण त्याला पैसे पडतात. पोटाला चिमटा घेऊन आणलेले विमान पहिल्याच दिवशी आपटले की, ‘हे आपल्या लोकांचे काम नव्हे,’ असे घरातच कोणी तरी बोलून जाते. हे वाक्य आम्हाला मान्य नाही. दोष पोराच्या हाताचाच असतो असे नाही. तो पंखाच्या कोनातही असू शकतो, आणि तो घरी काढता येतो.

विमान सोडताच नाक वर करते, वेग गमावते आणि खाली कोसळते, हे त्याचे लक्षण. तेव्हा लगेच पंखाला हात लावू नये. आधी तोल पाहावा. पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट धरून विमान उचलावे. बोटे पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावीत. शेपूट खाली गेली तर नाकात थोडे वजन घालावे. मग मोटार पाहावी. फक्त मोटारीचा जोर वाढवला की नाक वर जाते आणि जोर कमी केला की विमान नीट तरंगते, असे असेल तर मोटारीचे तोंड किंचित खाली करावे.

तोल बरोबर असून मोटार बंद केल्यावरही नाक वरच राहत असेल, तर पंखाचा कोन जास्त आहे. शेपटीच्या आडव्या पट्टीच्या मानाने पंखाची पुढची कड किती उचललेली आहे, तो हा कोन. सरावाच्या विमानात तो साधारण एक ते तीन अंश असतो. तो कमी करण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेखाली प्लायवूडची पातळ पट्टी सरकवावी. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर साडेतीन मिलिमीटर जाडीने एक अंश फरक पडतो. सुरुवात अर्ध्या अंशाने करावी. पट्टी दोन्ही बाजूंना सारखीच हवी, नाही तर विमान एका कुशीवर झुकेल. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. मोजमापाला मुलीलाही बसवावे.

एक अंश ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कारखान्यातल्या फिटरला हे सांगावे लागत नाही. मिग-२७ चे पंख उडता उडता मागे वळत. त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या, १६, ४५ आणि ७२ अंश. ती विमाने २०१९ साली निवृत्त झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या कारखान्यात बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए इथूनच उडाले.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. ओझरला विमानतळ आहे. त्याच्या आसपास परवानगीशिवाय छोटे विमानही उडवू नये. विमानतळापासून दूर, माणसे आणि विजेच्या तारा नसलेले मोकळे रान पाहावे. पालकांनी सोबत जावे. विमान पुन्हा आपटले तर रागावू नये. वही उघडून मागचा आकडा पाहावा आणि पुढची पट्टी कापावी.