गर्दुल्ला सुधारत नाही, हे कोणी ठरवलं?

गर्दच्या नादी लागलेला पोरगा परत येत नाही, असं आमच्या मोहल्ल्यात इतक्या खात्रीने बोललं जातं, की जणू ते डॉक्टरांनीच लिहून दिलंय. मला हे मान्य नाही.

व्हिएतनाम युद्धाचं पाहा. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांनी अहवाल दिला, की तिथले १० ते १५ टक्के सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले आहेत. देश हादरला. लघवीची तपासणी झाल्याशिवाय सैनिकाला मायदेशी सोडायचं नाही, असं निक्सन सरकारने ठरवलं. ही पोरं आली की गावोगावी नशेबाज होतील, ही भीती होती.

ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्या सप्टेंबरमध्ये परतलेल्यांपैकी सुमारे ९०० जणांना गाठून विचारलं. तिथे असताना पाचातला जवळपास एक जण व्यसनी होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी पुन्हा अडकले फक्त ५ टक्के. तीन वर्षांत १२. बहुतेकांनी उपचारही घेतले नव्हते! लोकांचा यावर विश्वास बसेना, बाईंना वर्षानुवर्षं खुलासे करावे लागले.

व्हिएतनाममध्ये हेरॉइन शुद्ध, स्वस्त आणि हाताशी होतं, सिगारेटीत भरून ओढता येत होतं. घरी आल्यावर ते जग मागे राहिलं. युद्धाआधीच नशा करणाऱ्यांना सुटणं जड गेलं, हेही खरं.

"त्यांना घर होतं, आमच्या पोरांचं काय?" असं कोणी म्हणेल. अहो, मी तेच तर म्हणतोय! आपण पोराला तीन महिने केंद्रात ठेवतो आणि आणून सोडतो त्याच नाक्यावर, जिथे पुडी मिळते. काम कोणी देत नाही, रिश्ता तर दूरच. घरात अब्बा पाकीट लपवतात. मग तो घसरला की म्हणायचं, बघा, सांगितलं नव्हतं?

तौबाचा दरवाजा उघडा आहे, असं दर बयानात ऐकवणाऱ्या जमातच्या जिम्मेदारांनी सांगावं, केंद्रातून आलेल्या किती पोरांना त्यांनी दुकानावर बसवलं? पुडी विकणारा मात्र इफ्तारच्या दावतीत पुढच्या रांगेत बसलेला मी पाहिला आहे.