बेचवपणा म्हणजे तप नव्हे

दशलक्षण पर्व झाल्यावर आमच्या हुबळीच्या महिला मंडळात पाककृती स्पर्धा ठेवली होती. टेबलावर काय काय होतं! जैन पावभाजी, जैन मंचुरियन, जैन मिसळ, जैन पिझ्झा. बटाट्याच्या जागी कच्चं केळं, कांद्याच्या जागी कोबी. मेहनत सगळ्यांनीच घेतली होती. पण ज्वारीची भाकरी, कारळ्याची चटणी, आमसुलाची आमटी एकीनंही आणली नव्हती. शेजारच्या काकींना विचारलं तर म्हणाल्या, "अय्य, ते काय स्पर्धेला आणायचं? ते रोजचंच की!"

माझं भांडण आहे ते या "रोजचंच की"शी.

जैन जेवण म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आपण काय काय खात नाही त्याची यादी सांगतो. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा-गाजर नाही, ओलं आलं नाही, कच्च्या दह्यात डाळ नाही, सूर्यास्तानंतर काहीच नाही. यादी खरी आहे, मीही ती पाळते. पण आपण खातो काय, हे कधी सांगणार? "जैन" हा शब्द आपण दुसऱ्याच्या पदार्थावर चिकटवायची चिठ्ठी करून टाकलाय. पुण्या-बंगळूरची माणसं हुबळीच्या खानावळीत बसून भाकरी नि शेंगाचटणी बोटं चाटत खातात, आणि आपल्या पोरी घरच्या ताटावर बसून विचारतात, "आज पण हेच?" 2023 साल जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा कुठं आपल्यातल्या काहीजणींना आपल्या ज्वारीची आठवण झाली.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. "आपला धर्म त्यागाचा, जिभेचे चोचले कशाला?" भगिनींनो, जरा शास्त्रच बघू या. सहा बाह्य तपांत रसपरित्याग आहे हे खरं. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतलं जे सोडायचं ते स्वतः नियम घेऊन, मनापासून आणि ठरावीक दिवसांसाठी सोडायचं. ज्यानं चव जाणली त्यानंच ती सोडायची. आळसानं करपवलेली फोडणी आणि पाकिटातला मसाला टाकून उरकलेली भाजी हा रसपरित्याग कसा होईल? ते नुसतं दुर्लक्ष. आणि त्याला तपाचं नाव दिलं तर तपाचाही अपमान. मुनींच्या आहारासाठी चौका लावतो तेव्हा आपणच पाणी गाळतो, धान्य चारदा निवडतो, पीठ ताजं दळतो. तीच बाई दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ताटात शिळी भाकरी घेऊन उभ्यानं जेवते.

आता माझीच गोष्ट सांगते. लग्न होऊन निपाणीकडून मी हुबळीला आले. या घरात दोडक्याची भाजी एकाच पद्धतीनं व्हायची. मऊ शिजवून, शेंगदाण्याचं कूट आणि भरपूर गूळ घालून. मीही एकोणीस वर्षं तशीच केली. मला गोड भाजी कधी आवडली नाही. पण तसं म्हणायचं असतं हेच माहीत नव्हतं. एकदा घरात कुणी नव्हतं. एकटीपुरतं काय करायचं म्हणून लोखंडी तव्यावर दोडका टाकला, हिंग-जिऱ्याची फोडणी, ब्याडगी मिरचीची पूड, कारळ्याचं कूट, चिंचेचा कोळ जरासा. गूळ नाही. पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत राहू दिला. दोन भाकरी खाल्ल्या आणि तिथंच बसून राहिले. त्रेचाळीस वर्षांची झाले होते मी. मला दोडका कसा आवडतो हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यात ती भाजी सगळ्यांना केली. भीत भीत सासूबाईंना वाढली. त्यांनी एक घास खाल्ला, गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मलाबी गूळ नकोच असायचा गं. तुझ्या मामंजींना लागायचा म्हणून घालत आले."

म्हणजे एका चुलीपुढं दोन पिढ्या, आणि दोघींनाही न आवडणारी भाजी! मामंजींना दोष देत नाही. त्यांनी निदान आपल्याला काय आवडतं ते सांगितलं. आम्ही दोघींनी कधी तोंडच उघडलं नाही.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं 1970 पासून वाटी-चमच्याच्या मापानं कितीतरी नव्या मुलींना स्वयंपाक शिकवला. मापं पुस्तकात मिळतात. पण कुठल्याही पाककृतीत शेवटी येतं ते "चवीनुसार". कुणाच्या चवीनुसार, याचं उत्तर ज्या बाईच्या हातात पळी आहे तिनंच द्यायचं असतं.

"आम्हाला नोकरी आहे, एवढा वेळ कुठला?" असंही म्हणतील. माझ्या त्या दोडक्याला जास्तीची पाच मिनिटं लागली. रोजचं मुगाचं वरणच घ्या. थंडीत मिरी-सुंठ, उन्हाळ्यात कैरी, एरवी आमसूल. एकीला तुपाची फोडणी आवडेल, दुसरीला वरून भाजलेलं खोबरं. वरण तेच, पण हे माझं नि ते तुझं.

आणि आपले नियम चवीच्या आड येतात असं म्हणणाऱ्यांनी पिठाची मर्यादा आठवावी. पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. त्यापुढं पीठ वापरायचं नाही. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, हे कुठलीही सुगरण सांगेल. इथं नियम आणि चव एकाच बाजूला उभे आहेत. लसूण नसला की कारळ्याचा खमंगपणा पुढं येतो. ब्याडगी तर आपल्या शेजारच्या हावेरी जिल्ह्यातली. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. असलं सोनं दाराशी असताना आपण मंचुरियनच्या मागं का धावतोय?

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला माझी एक सूचना आहे. पदार्थ एकच ठेवा, साधी आमटी. कांदा-लसणाविना, पाकिटाविना. आणि प्रत्येकीनं एवढंच सांगायचं, की ही आमटी मला अशी आवडते. ज्या बाईला हे सांगता येणार नाही, तिला बक्षीस नको. तिला आपण सगळ्याजणींनी मिळून एक दिवस स्वयंपाकघर रिकामं करून देऊ या.