ही बोली नक्की कुणाची?

नवरात्र संपलं की देवीला आलेल्या साड्यांचा लिलाव होतो, तो बघायला मला फार आवडतं. मंडळाचे एक काका साडी उंच धरून ‘सहाशे एक वार, सहाशे दोन वार...’ सुरू करतात आणि बायका एकमेकींकडे बघत पन्नास-पन्नासने चढत जातात. मध्येच कुणी उगाच किंमत वाढवायला लागला, तर मागून लगेच आवाज येतो, ‘‘अगं, तो खजिनदारांचा मेहुणा, त्याला कशाला हवीय साडी!’’ सगळा मंडप हसतो आणि मेहुणे गप्प बसतात. ओळखीचे डोळे हीच तिथली राखण.

हे डोळे काढून घेतले की काय होतं, ते मोबाइलवरच्या लिलावात दिसतं. फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आज असे कितीतरी गट आहेत. जुनी पितळी भांडी, पैठण्या, नाणी, टपाल तिकिटं. फोटो टाकायचा, सुरुवातीची किंमत लिहायची, ‘रात्री दहापर्यंत’ असं जाहीर करायचं आणि खाली आकडे पडत जातात. ते आकडे टाकणारी माणसं कोण, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

आमच्या बचत गटाच्या कामात मदत करणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना तांब्याचा जुना बंब हवा होता, माहेरी होता तसा. अशाच एका गटात आठशेपासून सुरू झालेला बंब त्यांनी चार हजार दोनशेला घेतला. म्हणजे बोली जिंकली, पैसे द्यायचे होते. चढवणारं माणूस सबंध संध्याकाळभर एकच. पण बाई पडल्या गणिताच्या! त्यांनी वही घेतली आणि त्याच विक्रेत्याचे मागचे लिलाव लिहून काढले. ते एकच नाव अकरा लिलावांत होतं. दहांत हरलेलं. एकात जिंकलेलं, तर ती जिंकलेली परात चार दिवसांनी त्याच फोटोसकट पुन्हा विक्रीला! खातं उघडून पुरता महिनासुद्धा झालेला नव्हता. बाईंनी गटात सभ्य भाषेत विचारलं, तर विक्रेत्याने त्यांनाच गटाबाहेर काढलं. घरी काय ऐकावं लागलं? ‘‘तुला कुणी सांगितले होते हे नसते उद्योग?’’

माझा राग इथे आहे. बाई भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करते म्हणून तिला हसायचं, आणि ती फसली की ‘बायकांना काय कळतं ऑनलाइनमधलं’ म्हणायचं. अहो, लबाडी वहीत मांडून पकडली कुणी? बाईनेच ना! पण घरच्या बोलण्याच्या भीतीने कितीजणी गुपचूप पैसे भरून टाकतात आणि वस्तू माळ्यावर ठेवून देतात. ते पैसे बहुधा तिचे स्वतःचे असतात, शिवणकामाचे नाहीतर भिशीचे. वस्तूची लाज आणि पैशांचं दुःख, दोन्ही तिनेच गिळायचं.

ही युक्ती काही संगणकाने शिकवलेली नाही. जत्रेत तीन पत्त्यांचा खेळ मांडणाऱ्याच्या समोर जो पहिला जिंकतो, तो त्याचाच पंटर असतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. लिलावातही पंटरच. फरक इतकाच, की जत्रेत त्याचा चेहरा दिसतो. आणि आपला स्वभाव असा, की दुसरीने हात घातलेली साडी आपल्याला जास्त सुंदर दिसते. ‘एवढी माणसं मागतायत, म्हणजे वस्तू खरीच असणार’ असा हिशेब मन परस्पर करून टाकतं. खोटी बोली किंमत वाढवते तसा वस्तूवरचा खोटा विश्वासही वाढवते, आणि मला हे दुसरं जास्त घातक वाटतं.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मे 2000 मध्ये कॅलिफोर्नियातल्या केनेथ वॉल्टन नावाच्या वकिलाने ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर एक अमूर्त चित्र विकायला ठेवलं. सुरुवातीची बोली फक्त 25 सेंट. चित्रावर ‘आर. डी. 52’ अशी अक्षरं होती, म्हणजे जाणकारांनी आपणहून ‘रिचर्ड डायबेनकॉर्न’ हा मोठा चित्रकार आठवावा! वर भोळेपणाचं सोंग. चित्राला लहान मुलाच्या तीनचाकीने छिद्र पाडलंय वगैरे. बोली चढत चढत 1,35,805 डॉलरवर गेली आणि नेदरलँड्समधल्या एका गृहस्थाने ती जिंकली. बोभाटा झाला, तपासात वॉल्टनने आपल्याच चित्रावर बोली लावल्याचं निघालं आणि ईबेने विक्री रद्द केली. त्याचे साथीदार आणि तो वेगवेगळ्या खोट्या नावांनी एकमेकांच्या वस्तूंवर बोली लावत असत. 2001 मध्ये खटला उभा राहिला, त्याने गुन्हा कबूल केला, वकिली गेली. पुढे त्याने यावर पुस्तकही लिहिलं. (तेही विकलं गेलं, हा भाग वेगळा.) चित्रकला कळणारी, पैसेवाली माणसं जिथे चढ्या आकड्यांनी भुलली, तिथे आमच्या बाईंना कोण नावं ठेवणार?

मग ओळखायचं कसं? मला एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटते. खऱ्या गिऱ्हाइकाला जिंकायचं असतं, पंटरला हरायचं असतं. बाकी सगळं यातूनच उलगडतं. खरं गिऱ्हाईक बरेचदा शेवटच्या मिनिटाला उडी घेतं. पंटर मधल्या वेळात सारखा टोचत राहतो आणि शेवट जवळ आला की गायब होतो, कारण चुकून जिंकला तर वस्तू त्याच्याच गळ्यात! खरं गिऱ्हाईक चार दुकानं हिंडतं, पंटर एकाच विक्रेत्याच्या दारात बसलेला असतो. शंभर बोल्या आणि विजय शून्य, असं खातं दिसलं की थांबावं. ‘विकलेली’ वस्तू आठवड्यात परत आली तरी थांबावं. अर्थात नवं खातं दिसलं की लगेच चोर ठरवू नये. कधीतरी आपलंही खातं नवं होतंच.

मोठ्या संकेतस्थळांवर आणखी एक सोय असते. आपण आपली कमाल किंमत आधीच गुपचूप सांगून ठेवायची, यंत्र लागेल तेवढीच बोली आपल्या वतीने वाढवत जातं. समजा तुम्ही पाच हजार सांगितलेत आणि भाव बाराशेवर आहे. पंटर एकदम सहा हजार टाकतो, तुमची हद्द त्याला कळते, मग ‘टंकताना चूक झाली’ म्हणून तो बोली मागे घेतो आणि चार हजार नऊशेवर नेऊन तुम्हाला सोडतो. तुम्ही खूश, आपण म्हटल्यापेक्षा शंभराने स्वस्त मिळालं! म्हणून मागे घेतलेल्या बोल्या जरूर बघाव्यात. ईबेवर बोलीचा इतिहास बघता येतो आणि एखाद्याच्या बोल्यांपैकी किती टक्के याच विक्रेत्याकडे आहेत, तेही कळतं. पण बोली लावणाऱ्याचं नाव मधली अक्षरं गाळून दाखवतात. खासगीपणासाठी, म्हणे! मला हे कारण अर्धंच पटतं. विक्रीच्या अंतिम किमतीवर संकेतस्थळाची दलाली ठरते, म्हणजे भाव चढला की त्यांचाही फायदा. पंटर शोधायची घाई त्यांना आपल्याइतकी कशी असेल?

ईबे इंडिया 2018 मध्ये बंद झालं, पण कायदा आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. माल विक्री कायदा, 1930. त्याचं कलम 64 लिलावावरचंच आहे. स्वतः बोली लावण्याचा हक्क राखून ठेवल्याचं आधी जाहीर केलं नसेल, तर विक्रेत्याला आपल्या मालावर स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावता येत नाही. किंमत चढवण्यासाठी खोटी बोली लावली, तर तो व्यवहार रद्द करण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे. प्रामाणिक विक्रेत्याची कायद्याने अडचणही केलेली नाही. ‘इतक्याच्या खाली देणार नाही’ अशी राखीव किंमत त्याने उघड सांगावी, कोण नको म्हणतंय? चोरून चढवायचं कारणच उरत नाही. 2023 मध्ये ग्राहकांना भुलवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांबद्दल केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात वस्तूची खोटी लोकप्रियता दाखवून घाई करायला लावणं हेही धरलेलं आहे. खोट्या बोलीचं याहून चपखल वर्णन काय असेल!

आमच्या बाईंनी पैसे दिले नाहीत. विक्रेत्याला कलमाचा आकडा लिहून पाठवला, त्यावर उत्तर आलं नाही. पैसे गेलेच असते, तर 1930 हा सायबर फसवणुकीचा दूरध्वनी आहे (कायद्याचं साल आणि हा क्रमांक एकच, लक्षात ठेवायला बरं), आणि ग्राहक हेल्पलाइन 1915. खरेदी संकेतस्थळावरून असेल तर त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. 2020 च्या नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. फक्त एक करा मैत्रिणींनो, संशय आला की विक्रेत्याला जाब विचारण्याआधी सगळ्या बोल्यांचे आणि त्या खात्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे. बाईंनी जाब आधी विचारला आणि फोटो नंतर काढायला गेल्या, तोवर त्या गटाबाहेर होत्या आणि हाती उरली होती ती फक्त वही.