अंगठे धरा!

कंबर धरून माणूस रस्त्याने चालू लागला की भेटणारा प्रत्येक जण वैद्य होतो. चार वर्षांपूर्वी हा अनुभव मी पोटभर घेतला. ‘मास्तर, योग करा!’ हा सल्ला तर ठरलेलाच. ‘कोणता?’ म्हणून विचारावे, तर उत्तर, ‘कोणताही!’ औषधाच्या दुकानात जाऊन ‘कोणतीही गोळी द्या’ म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू. योगाच्या बाबतीत मात्र तेच शहाणपण!

माझी कंबर गेली होती ती योगापायीच, हे मी कोणाला सांगत नसे. २०१५ पासून २१ जूनला योगदिन साजरा होतो. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात पोरांबरोबर आम्ही मास्तरही बसलो होतो. ध्वनिक्षेपकावरून आज्ञा सुटली : ‘गुडघे ताठ! अंगठे धरा!’ आमच्या लहानपणी अंगठे धरणे ही शिक्षा असे. आता तो आरोग्याचा उपाय झाला आहे. माझी बोटे अंगठ्यांपासून वीतभर दूर. मागे सहावीतला एक पोरगा फिस्सकन हसला. झाले! मास्तरकीच्या अब्रूचा प्रश्न आला. मी एक झटका दिला, अंगठे धरले आणि पुढचे तीन आठवडे अंथरूण धरले.

शाळेत खुर्ची, घरी कादंबरीपुढे चार चार तास बैठक. मांडीमागचे स्नायू आखडायचेच. ते आखडले की बसून वाकताना कमरेचा खालचा सांगाडा पुढे कलत नाही आणि सगळा वाक येतो मणक्यांवर, त्यांच्यामधल्या गाद्यांवर. गुडघे थोडे वाकवले असते तर भागले असते. पण ध्वनिक्षेपकाला कोणाची कंबर दिसते?

माझे भांडण योगाशी नाही, ह्या कवायतीशी आहे. पतंजलीने आसनावर सारी तीन सूत्रे खर्चली; त्यांत अंगठ्यांचे नाव नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले ते आसनांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी तपासून पाहण्यासाठी. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, दोर, लोड असली साधी साधने आसनाला जोडली. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसनानेच खाली उतरावे! हे शिकायला साता समुद्रांपलीकडून माणसे येत राहिली, आणि आम्ही इथे अंगठे धरतो आहोत. अमेरिकेत बॉस्टन परिसरात जुन्या कंबरदुखीच्या ३२० रोग्यांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे शिकवलेल्या योगाने फिजिओथेरपीइतकाच आराम पडला. बारा आठवडे, बरे का! एका सकाळी नव्हे.

मला बरे केले ते शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त बाईंनी. आसनाचे नाव काढण्यापूर्वी त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. पायात बधिरपणा? पायातला जोर कमी? ताप? लघवीवरचा ताबा? एकाला जरी ‘हो’ आले असते तरी त्यांनी मला दारातूनच डॉक्टरांकडे पिटाळले असते. मग उताणे निजवून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला लावल्या. पंधरा दिवस एवढेच! पुढे मांजरासारखी पाठ हळूहळू वर-खाली करणे. फोटो काढावा असे त्यात काहीच नाही.

मी असा पडलो की घरातली माणसे पावले न वाजवता चालतात. हिची कंबर बारा वर्षे दुखते आहे. तिच्यासाठी कोणी पाऊल हलके केल्याचे स्मरत नाही. ‘घरकाम हाच बायकांचा योग’ असे म्हणणारे महाभाग आमच्याही नात्यात आहेत. चकल्यांच्या सोऱ्यापुढे तासभर वाकून बसणे हे कोणते आसन, ते त्यांनी सांगावे! एकदा मीही ऐटीत म्हणालो, ‘तू योग का करीत नाहीस?’ ती म्हणाली, ‘करीन की. कोणत्या वेळी?’

गेल्या आठवड्यापासून सकाळचा चहा आणि डबे माझ्याकडे आहेत. पहिल्या दिवशी दूध उतू गेले. ही मात्र तोवर सतरंजी काखोटीला मारून बाईंच्या गल्लीत पोचली होती.