कुऱ्हाडीमागच्या हातांची बखर

देहूला इंद्रायणीच्या डोहाकाठी हात जोडणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या मनात एक कथा असते. जगद्गुरू तुकोबारायांच्या अभंगांच्या वह्या पाण्यात बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. भाविक यात ईश्वरी कृपा पाहतो. अभ्यासक म्हणतो, कागद बुडाला तरी अभंग लोकमुखी होते आणि लोकगंगेने त्यांना तारले. तरीही लोकमुखावर विसंबून चालले नसते. चाकणच्या संताजी जगनाडे महाराजांसारख्यांनी ते लिहून ठेवले, म्हणून गाथा पुढच्या पिढ्यांच्या हाती आली. मुखाने जपावे आणि कुणीतरी निष्ठेने टिपावे, हा या भूमीचा संस्कार आहे.

हा संस्कार आज एका उपेक्षित वर्गाच्या वाट्याला यायला हवा. भंडाऱ्याच्या डोंगरावरून चहूकडे कारखान्यांची छपरे दिसतात. पश्चिमेला मात्र मावळातील सह्याद्रीची रांग आहे आणि तिच्या कुशीत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावरील त्यांचा हक्क आक्रसत गेला, तसे हे लोक लाकूडतोड, कोळसाभट्टी आणि वीटभट्टीच्या मजुरीकडे लोटले गेले. पावसाळ्यात घरात दाणा नसे, तेव्हा ठेकेदाराकडून उचल घ्यायची. पाऊस सरला की चिल्ल्यापिल्ल्यांसह भट्टीच्या जागी जायचे, फांद्या-पाल्याचे खोपट उभारायचे, झाडे तोडायची, लाकडे रचून त्यांवर पाला व माती लिंपायची आणि आत विस्तव घालायचा. मग रात्रंदिवस पहारा. मातीला भेग पडून वारा आत शिरला, की कोळशाची राख होणार आणि नुकसान मजुराच्या नावे लिहिले जाणार!

हंगाम संपला की हिशेब व्हायचा. वही ठेकेदाराची, अक्षर ठेकेदाराचे आणि बेरीजही ठेकेदाराचीच. उद्या कुणी केवळ कागदावरून इतिहास लिहू लागला, तर त्याला या माणसांच्या नावापुढे फक्त थकबाकी दिसेल. त्या थकबाकीमागचे श्रम, आजारपण, खोपटातील बाळंतपण यांना साक्षीदार एकच : त्यांची स्वतःची आठवण.

मावळात जे कोळशाचे, तेच इतरत्र इमारती लाकडाचे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पुढे लोहमार्ग पसरत गेले, तशी स्लीपरांसाठी सागाची मागणी वाढली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारची पकड घट्ट केली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात राहणारा वनवासी तेथे मजूर ठरला. ठाणे जिल्ह्यात १९४५-४६ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा गवतकापणी व जंगलतोडीची मजुरी हा कळीचा मुद्दा होता. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्या काळाची हकिगत नोंदविली. त्यांच्या विचारसरणीशी मतभेद असणाऱ्यानेही या नोंदीचे मोल मान्य केले पाहिजे. बाळासाहेब खेर यांच्या काळात, १९४७ पासून, ठेकेदाराला पर्याय म्हणून जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. त्या कुठे तरल्या, कुठे पुन्हा ठेकेदाराच्याच हाती गेल्या, हे अहवालांपेक्षा कुपावर घाम गाळलेले म्हातारे अधिक नेमके सांगतील.

गडचिरोलीतील आलापल्लीचे सागवान सर्वश्रुत आहे. कमलापूरच्या शासकीय तळावरचे हत्ती एकेकाळी सागाचे अवजड ओंडके ओढत असत. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येतील श्रीराम मंदिराच्या दारांसाठी सागवान वाजतगाजत रवाना झाले, तेव्हा महाराष्ट्राचा ऊर भरून आला. परंतु हे जंगल ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आणि तोडले, त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? श्रीरामांच्या वनवासात ज्यांनी त्यांना साथ दिली, त्यांच्या वारसांची विचारपूस करणे हीदेखील रामसेवाच नव्हे काय?

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचे निवेदन, ते लिहून घेतलेले असल्यास, पुरावा म्हणून मान्य केले आहे. ज्याच्याकडे सात-बारा नाही, त्याच्या दाव्याला आजोबांच्या स्मरणाचा आधार मिळू शकतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला. जाणते म्हातारे निघून गेले, तर गावाची साक्षच निघून जाते.

अमेरिकेत १९४६ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट हिस्टरी सोसायटीने जंगलाशी निगडित माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून जपल्या. आपल्याकडेही हे अशक्य नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी मुळशी-मावळच्या स्त्रियांपासून आरंभ करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हाच कित्ता कुऱ्हाड आणि कोळशाच्या बाबतीत गिरवता येईल. महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी वाड्यांवर पाठवावेत. त्यांनी झाडांची, हत्यारांची, दैवतांची नावे विचारावीत. उचल किती होती आणि फिटली कधी, हेही विचारावे. सांगणाऱ्याची बोली सुधारू नये, त्याच्या दुःखाला आपल्या सोयीचे वळण देऊ नये, आणि नोंदीची एक प्रत त्या वाडीवर ठेवावी. अन्यथा वही पुन्हा परक्याचीच!

तुकोबांची वाणी लोकांनी तारली. आता लोकांची वाणी तारण्याची पाळी शिकल्यासवरल्यांची आहे. देहूपासून हाकेच्या अंतरावर ती बुडू पाहत आहे. वही घेऊन बसणारा संताजी तेवढा हवा.