ग्रहणाने पाय वाकडे होत नाहीत

बाळ दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन जन्माला आलं, की वस्तीत पहिला प्रश्न आईला: ग्रहणात विळीवर बसली होतीस का? बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांतूनही आम्ही हा प्रश्न ऐकला आहे, म्हणून लिहितो. ग्रहणाचा आणि पावलांचा काही संबंध नाही. साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो, मुलींपेक्षा मुलांत जास्त. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात.

पूर्वी यावर मोठं ऑपरेशन करत. पाय सरळ दिसे, पण मोठेपणी आखडे, दुखे. अमेरिकेतल्या आयोवा इथले डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी वेगळी वाट काढली. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं वळवायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बरंच वळतं, टाच तेवढी वर राहते. मग बहुतेक बाळांना टाचेमागच्या ताठ शिरेवर बारीकसा छेद देतात. जागा बधिर करून, काही मिनिटांत, बहुधा टाक्याशिवाय. त्यानंतर तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. तेवढ्यात शीर हव्या त्या लांबीत जुळून येते. ‘शीर कापणार’ एवढंच कानावर पडलं की आजी बाळ उचलून घरी आणते. भीती आम्हाला कळते, पण तिच्यापायी पोराचा पाय जातो.

खरी परीक्षा पुढेच. दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसातले 23 तास, नंतर मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. पाय सरळ दिसला की बूट माळ्यावर जातात आणि पाऊल पुन्हा वळतं. पोर रात्रभर रडतं, दहा बाय दहाच्या खोलीत कुणालाच झोप नाही, हे आम्ही जाणतो. पण दर आठवड्याला दवाखान्यापायी आईचीच रोजी बुडावी, बापाची कधीच नाही, हे आम्हाला मान्य नाही.

2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष धरलेला आहे, उपचार मोफत. आशाताईला किंवा अंगणवाडीत सांगून नाव नोंदवा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत गेलेलं उत्तम. उशीर झाला असेल तरी मूल न्याच. आणि प्लास्टरनंतर बोटं निळी किंवा थंड पडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.